वारस क्रमांक चार

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान कणकवलीत, सरकारी कचेऱ्यांच्या वाटेवर आहे. दिवसाला दहा-पंधरा माणसं तरी अर्ज भरून घ्यायला येतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव, वारस नोंद, प्रतिज्ञापत्र. कुठल्या अर्जाला काय जोडायचं ते मला झोपेतून उठवून विचारा. पण बाबा गेले तेव्हा त्यांची किती बँकांत खाती आहेत हे मला सांगता येईना. आईला तर बाबांचा पेन्शनचा दिवस तेवढा माहीत होता, कारण त्या दिवशी ते येताना मासळी आणायचे.

माहेर देवगड तालुक्यात, नांदगाव फाट्यावरून आत. बाबा एसटीत कंडक्टर होते, २०१६ साली निवृत्त झाले. २०२४ च्या मे महिन्यात, आंब्याचा शेवटचा तोडा उतरवून दोन दिवस झाले होते, तेव्हा रात्री छातीत कळ आली आणि सकाळपर्यंत सगळं संपलं. घरात आई, ८८ वर्षांची आजी (बाबांची आई) आणि मी. दादा नालासोपाऱ्याहून दुसऱ्या दिवशी पोचला.

पहिली चूक मी तिसऱ्या दिवशीच केली. दिवसकार्याला पैसे हवे होते, बाबांच्या पाकिटात एटीएम कार्ड होतं आणि पिन आजीच्या जन्मसालाचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना पाठ. दहा हजार काढले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, पैसे घरचेच की. पण माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचं नसतं, खात्यातली रक्कम त्या क्षणापासून सगळ्या वारसांची होते. पुढे बँकेत ते दहा हजार कुणी आणि कशासाठी काढले याचं पत्र चौघांच्या सहीने द्यावं लागलं. आमच्यात वाद नव्हता म्हणून पत्रावर निभावलं. भाऊबंदकी असलेल्या घरात एवढ्याशा गोष्टीवरून कोर्टाची पायरी चढलेले लोक माझ्याच दुकानात टायपिंगला येतात.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत केली. दाखल्याच्या दहा प्रती घेतल्या, हे मात्र दुकानाच्या अनुभवाने सुचलं. दहाही संपल्या. घेताना दाखल्यावरचं नाव आधार आणि पासबुकाशी अक्षरन् अक्षर ताडून घ्यायला हवं होतं, ते राहिलं. आजोबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक आणि पासबुकात दुसरं. त्यापायी दोन फेऱ्या आणि एक ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्यांची अशी प्रतिज्ञापत्रं मी शेकड्याने टाइप केली असतील.

बाबा कंडक्टर असल्यामुळे हिशोबाला पक्के. रात्री पैसे मोजताना नोटा सगळ्या एका तोंडाने लावायचे. त्यांची एक डायरी होती, पण त्यात नावं नाहीत, नुसत्या खुणा. ‘बँ ३’, ‘पो १’, ‘प २॥’, ‘सो ८०’. मी आणि दादा तेराव्यापर्यंत रोज रात्री ती डायरी घेऊन बसायचो. बँ म्हणजे बँकेतल्या तीन ठेवी, त्यांच्या पावत्या देवघरातल्या फोटोच्या मागे मिळाल्या. पो म्हणजे पोस्टातलं राष्ट्रीय बचत पत्र. प म्हणजे पतसंस्था, अडीच लाख. ‘सो ८०’ काही केल्या उलगडेना.

उलगडलं ते बाबांच्या फोनमुळे. दादा म्हणत होता की सिम बंद करून टाकू, उगाच रिचार्ज कशाला. आईने बंद करू दिलं नाही, त्या फोनवर बाबांचा आवाज असलेले दोन-तीन व्हिडिओ होते म्हणून. जूनमध्ये त्याच नंबरवर मेसेज आला, सोनेतारण कर्जाची मुदत संपत आहे. सो म्हणजे सोनं. ८० म्हणजे ऐंशी हजार.

आई उठली, कपाट उघडलं, आणि कपड्यांच्या तळाशी ठेवलेली डबी काढली. डबीत तिच्या पाटल्या नव्हत्या. तिने डबी परत लावून ठेवली आणि चहा टाकायला गेली. त्या दिवशी ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

हे कर्ज २०२१ चं. तौक्ते वादळात पडवीचे पत्रे आणि मागच्या पाख्याची कौलं उडाली होती, तेव्हा बाबांनी पाटल्या ठेवून पैसे उचलले. वादळ १६ मे ला, पाऊस तोंडावर, पंचनामा आणि भरपाईची वाट कोण बघणार? तिथवर ठीकच होतं. पण मग दर वर्षी व्याजाचे ७,२०० भरून ते कर्ज फिरवत राहिले. नऊ टक्के व्याज. आणि त्याच वेळी दुसऱ्या बँकेत त्यांची १ लाख २० हजारांची ठेव साडेसहा टक्क्यांनी पडून होती! ती मोडून कर्ज फेडलं असतं तर वर्षाला दोन हजार वाचले असते आणि पाटल्या डबीत राहिल्या असत्या. आपल्याकडे ठेव मोडणं म्हणजे घरातलं भांडं विकल्यासारखं वाटतं. कर्ज फिरवणं मात्र चालतं. मी बाबांना दोष देत नाही, माझ्या सासरीही हेच चालू होतं. पाटल्यांचं कळल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला बसवून आमची सोसायटीतली ठेव मोडायला लावली आणि गाडीचं कर्ज संपवलं.

आता बँक. तिन्ही ठेवी आणि पेन्शनचं बचत खातं एकाच शाखेत. त्यातल्या दोन ठेवींवर, प्रत्येकी दीड लाख, आई नॉमिनी होती. अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ पावत्या, आईची कागदपत्रं एवढ्यावर बाराव्या दिवशी ३ लाख आणि त्यावरचं व्याज आईच्या खात्यात जमा. मुदत संपायच्या आधी मोडल्या म्हणून दंडही लावला नाही. नॉमिनी असेल तर बँकेने वारस दाखला किंवा हमीपत्र (उद्या दुसऱ्या कुणी दावा केला तर भरून देऊ असं लिहून देणं) मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००५ पासूनचा आहे, त्यामुळे इथे कुणाला बोलायला जागा नव्हती.

अडलं ते उरलेल्या दोन ठिकाणी. १ लाख २० हजारांची ती जुनी ठेव बाबांनी बहुधा नोकरीच्या सुरुवातीला केलेली, नंतर नुसती पुढे पुढे नूतनीकरण होत गेलेली. तिच्यावर नॉमिनी कोण? आजोबा. आजोबा जाऊन तेरा वर्षं झालेली. नॉमिनी आधीच वारलेला असेल तर नॉमिनी नसल्यातच जमा. आणि बचत खात्यात १ लाख ८६ हजार होते, तिथे नॉमिनीचा रकाना कोरा. खातं एकट्याच्या नावावर.

काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, कोर्टातून वारस दाखला आणा. मी ओळखीच्या वकिलांना विचारलं. खर्चाचा अंदाज पंचवीस-तीस हजार, शिवाय वर्तमानपत्रात नोटीस आणि तारखा पडतील तशा. तीन लाखांसाठी तीस हजार! दोन दिवस मी ते मान्यही केलं होतं. मग दुकानात आलेल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी विचारलं, “अगो, रक्कम केवढी? वाद आहे काय? नाही ना? मग मॅनेजरला लेखी अर्ज दे. हमीपत्रावर देतात.” तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते आणि स्वतः विसरले होते. अर्ज दोन प्रतींत नेला, एकीवर पोच घेतली. आठवड्याने मॅनेजरनी बोलावलं. सगळ्या वारसांची यादी, जे पैसे घेणार नाहीत त्यांचं नाहरकत पत्र, आणि स्टँपवर हमीपत्र.

मी यादी लिहूनच नेली होती. आई, दादा, मी. मॅनेजरनी ती वाचली आणि विचारलं, “वडिलांची आई हयात आहे?”

“आहे.”

“मग चौथं नाव त्यांचं.”

मी इतकी वर्षं वारस नोंदीचे अर्ज भरते आहे, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलांच्या बरोबरीने त्याची आई येते. वडील येत नाहीत, आई येते. म्हणजे बाबांच्या स्वतःच्या पैशाचे चार समान हिस्से, त्यातला एक आजीचा. आईच्या पाटल्यांचीही तीच गत. पाटल्या आईच्या अंगावरच्या, पण तारण पावती बाबांच्या नावावर, म्हणून त्या सोडवून घेतानाही चौघांची संमती. सासूच्या अंगठ्याशिवाय सुनेला स्वतःच्या पाटल्या मिळेनात.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती पडवीत सुपात काजूगर निवडत होती.

“झिलाचे पैशे माका कशाक व्हये?”

तुला नको असतील तर तसा अंगठा दे, म्हटलं, पण कायद्याने तू वारस आहेस. ती सूप हातात धरून थांबली. मग म्हणाली, “मी तेची वारस? सगळा उलटा झाला गो.” आणि परत निवडायला लागली. मी आत निघून गेले.

सह्यांचं वेळापत्रक कोकणात पंचांग ठरवतं. दादाला रजा मिळणार ती गणपतीत. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. सुतकाचं वर्ष म्हणून थाट काही नव्हता, मूर्ती लहान आणि गणपती दीडच दिवसाचा. पण मुंबईकर झाडून सगळे आले. आम्हीच कशाला, अख्ख्या वाडीत त्या आठवड्यात आरत्यांच्या मधल्या वेळेत कागद फिरत असतात. आमचा सातबारा सामाईक, त्यावर ४३ नावं. त्यातली अर्धी माणसं मी फक्त गणपतीत बघते. तलाठ्यांकडे वारस नोंदीचा अर्ज आधीच दिला होता. नोटिशीचे १५ दिवस गेले, मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि बाबांच्या नावाच्या जागी आमची चार नावं लागली, आता ४६. वाटणी नाही, नुसती नोंद. जमिनीचं एवढंच. तिचं लिहायला बसले तर गणपतीच्या पुढच्या गणपतीपर्यंत पुरेल.

बँकेचं हमीपत्र मी दुकानात २०० च्या स्टँपवर टाइप करून तयार ठेवलं होतं. दादाने, आईने, मी सह्या केल्या. आजीला ताप होता, तिचा अंगठा बँकेतल्या माणसासमोर घ्यायचा होता, म्हणून तेवढं मागे राहिलं. ती बरी होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला आणि मधल्या काळात सरकारने १०० आणि २०० चे स्टँप बाद करून किमान ५०० चा केला. बँक म्हणाली, नवा स्टँप, नव्या सह्या. स्टँपचा व्यवहार माझ्या डोळ्यांसमोर रोज चालतो आणि मीच अडकले. दादा दिवाळीला परत आला. नुसत्या सहीसाठी तुतारी एक्सप्रेसचं वेटिंग तिकीट काढून, उभ्याने.

आजीला रिक्षाने नेलं. बँकेच्या पायऱ्या आठ, कठडा नाही. मी आत जाऊन सांगितलं तर एक तरुण अधिकारी शाईचं पॅड आणि फाइल घेऊन बाहेर रिक्षापाशीच आला. त्याने आजीला कागद वाचून दाखवला, मराठीत, सावकाश. “तुमचा हिस्सा तुम्ही सुनेला देताय, कबूल आहे?” आजी म्हणाली, “तिचाच आसा ता.” मग अंगठा. पहिला ठसा नुसता निळा डाग आला, रेषाच नाहीत. जन्मभर कोयती, जातं आणि शेण. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी त्याने तिचा अंगठा आपल्या रुमालाने कोरडा केला, शाई कमी लावली आणि स्वतःच्या बोटाने हलकेच दाबला. कडेच्या दोन-तीन रेषा उमटल्या. “चालेल,” म्हणाला. नऊ दिवसांनी पैसे आले.

अंगठा दिला त्या दिवशी त्याच रिक्षाने सोनेतारणवाल्या बँकेतही गेलो. मुद्दल, व्याज आणि मुदत टळल्याचा दंड असं सगळं भरलं, आजीने तिथेही अंगठा उठवला, आणि पाटल्या आईच्या हातात आल्या. आईने त्या तिथेच वजन करून घ्यायला लावल्या. मला वाटलं होतं ती रडेल.

आता हे सगळं सोपं झालं आहे असं म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना एकच पद्धत घालून दिली. नॉमिनी नसला आणि वाद नसला तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, कोर्टाचा दाखला न मागता पैसे द्यायचे, तेही सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. आणि नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून. माझ्या दुकानात येणाऱ्यांना मी हे सांगते, तर निम्म्यांचा प्रश्न येतो, मग पैसे नॉमिनीचेच ना? बँकेतल्या ठेवीत नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात पडतात तो. पैसे ज्यांचे होतात ते वारस. आमच्याच घरचं उदाहरण, पोस्टातल्या १ लाखाच्या बचत पत्रावर नॉमिनी दादा होता. पोस्टाने पैसे त्याला दिले. त्यातला हिस्सा आम्हा तिघींचाही होता, दादाने न विचारता सगळे आईच्या खात्यात टाकले. सगळीकडे असे दादा नसतात. बाबांना आईच मालक व्हायला हवी होती तर साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करता आलं असतं, त्याला स्टँपही लागत नाही. पण मृत्युपत्र म्हटलं की आमच्याकडे लोक ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणतात.

पतसंस्थेचं राहिलं. तिथले अडीच लाख बाबांनी अकरा टक्के व्याजाला ठेवले होते. बँक सात देत असताना कुणी अकरा देतं तेव्हा वरचे चार टक्के कशाचे, हा प्रश्न एसटीत आयुष्य काढलेल्या, सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांशी तासभर वाद घालणाऱ्या माणसाला पडला नाही. संचालक ओळखीचे, दारात येऊन पावती देतात, चहा पितात. नॉमिनी आई होती, कागद पूर्ण होते, त्यात काहीच खोट नव्हती. खोट अशी की द्यायला पैसेच नव्हते. “पुढच्या महिन्यात या, वहिनी.” बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, २०२० आधी तो १ लाख होता. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. पाटीवर ‘सहकारी’ शब्द दोन्हीकडे असतो आणि लोक फसतात. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार केली, पोच घेतली. त्यानंतर पाच हप्त्यांत १ लाख ६० हजार मिळाले. नव्वद हजार अजून यायचे आहेत. आई दर महिन्याच्या १० तारखेला एसटीने जाते, त्यांच्या बाकड्यावर बसते, कुणाशी भांडत नाही. नुसती बसते. मला वाटतं माझ्या तक्रारीपेक्षा त्यांना त्याचाच जास्त त्रास होतो.

पैसे आले की सल्लेही येतात. लांबचा एक मामेभाऊ विम्याचं काम करतो, तो वर्षश्राद्धाच्या आधीच कागद घेऊन आला. एकरकमी पाच लाख भर, आत्या, पाच वर्षांत दुप्पट. माझ्याकडे एक साधा हिशोब आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागायचं, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला चौदा टक्क्यांच्या वर. “हमी लिहून देतोस?” म्हटलं. त्याने घड्याळ बघितलं.

आम्ही आधी आईचा महिना मोजला. कालनिर्णयवर तीन महिने ती सगळं लिहीत होती, मासळीच्या वाट्यापासून आजीच्या गोळ्यांपर्यंत. सरासरी सहा-साडेसहा हजार. येणारं काय? बाबांना ईपीएसचं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, पेन्शन २,९४० होतं, त्याच्या निम्मं, १,४७०, आईला सुरू झालं. (बाबा गेल्याचं कळवायला आम्हाला उशीर झाला, म्हणून जूनचं त्यांचं पूर्ण पेन्शन जमा झालं होतं. ते परत करावं लागलं. आधी कळवा.) साडेचार लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत टाकले, आई आणि मी संयुक्त. ७.४ टक्क्यांनी महिना २,७७५. म्हणजे ४,२४५ झाले. उरलेलं दादा पाठवतो आणि मे महिन्यात आंबा-काजूचे जे येतात त्यातून भरतं. सत्तरेक हजार बचत खात्यातच ठेवले, कमी व्याजाने. दादाला ते पटलं नाही. पण ज्या घरात ८८ वर्षांचं माणूस आहे आणि जवळचं मोठं हॉस्पिटल दीड तासावर आहे, तिथे पैसे एटीएमच्या अंतरावर हवेत, ह्यावर मी अडून बसले.

मासिक प्राप्तीतले पैसे पहिलं वर्ष काढताच येत नाहीत, तीन वर्षांच्या आत काढले तर दोन टक्के कापतात, हे आईला पोस्टात तीनदा विचारून घ्यायला लावलं. मी बाहेर उभी राहिले. तिने स्वतः विचारलं, स्वतः फॉर्मवर सही केली. सही आईला येते. बाबा असेपर्यंत चाळीस वर्षं तिला ती कुणी करायलाच सांगितली नव्हती.

माझ्या स्वतःच्या खात्यांचं काय? लग्नाआधीच्या खात्यावर नॉमिनी बाबा. पीपीएफवर बाबा. नवऱ्याच्या विम्यावर त्याची वारलेली आई. तीन दिवसांत सगळं बदललं. आणि आमच्या वाडीतला एक जण २०२५ च्या हंगामात आंब्यावरून पडून गेला, त्याच्या बायकोचे कागद माझ्याकडे आले तेव्हा पासबुकात मे महिन्याच्या शेवटी कापलेले २० रुपये दिसले. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेच्या अपघात विम्याचे. तिला त्याचा पत्ताच नव्हता. झाडावरून पडणं, साप चावणं याला पोलिसांचा कागद नसला तरी लगेचच्या हॉस्पिटलच्या नोंदीवर चालतं. तिचे दोन लाख आले. तेव्हापासून माझ्याकडे कुणी पासबुक झेरॉक्सला दिलं की मी मे महिन्याच्या नोंदी बघते. आगाऊपणा आहे, पण लोक रागावत नाहीत.

शेवटचा कागद आजीचा. तिचं जनधन खातं आहे, त्यात ९,४०० रुपये. नॉमिनी अर्थातच बाबा. मागच्या महिन्यात तिला परत रिक्षात घातलं. सही असेल तर नॉमिनीच्या फॉर्मला साक्षीदार लागत नाही, अंगठा असेल तर दोन लागतात. मी एक, रिक्षावाला दुसरा. तोच तरुण अधिकारी पॅड घेऊन बाहेर आला. मी आजीला विचारलं, कुणाचं नाव घालू, दादाचं?

“सुनेचा घाल,” आजी म्हणाली. “न्हायतर तिका परत मुंबयसून सगळ्यांका बोलवूचा लागतला.”

या वेळी ठसा दुसऱ्या खेपेला आला. मी पोच मागून घेतली.